तुमच्या वाटचे जेवलो, सुखदेव

सुखदेव, आधी क्षमा मागतो. तुमच्याविषयी लिहिण्याचा अधिकार माझ्याआधी पुष्कळांना आहे. तुमच्या आईंना आहे, शोभावहिनींना आहे, एसटीच्या बुलढाणा आगारात ज्यांनी तुमच्याबरोबर बावीस वर्षे खाकी कपडे घातले त्यांनाही आहे. मी कोण? धाडच्या शाळेत विज्ञान शिकवणारा, तुमच्या गाडीने रोज ये-जा करणारा एक प्रवासी. वयाच्या चोपन्नाव्या वर्षापर्यंत प्रयोगवह्यांवरचे शेरे आणि रजेचे अर्ज यांपलीकडे मी काही लिहिलेले नाही. प्रत्येक वाक्य तपासून मगच पुढे जाण्याची माझी सवय तुम्हाला ठाऊक होती. "मास्तर, तुमचं बोलनं म्हंजे इस्त्रीचा शर्ट," असे तुम्ही म्हणत असा. तरीही आज लिहायला बसलो आहे. संध्याकाळचे सहा वाजून गेले आहेत, सुनंदा तिच्या शिवणवर्गाला गेली आहे, घरात कोणी नाही, आणि या वेळेला मी तुम्हाला फोन करत असे. तो फोन आता करता येत नाही, म्हणून हे धाडस.

आपली ओळख कशी झाली हे मी कोणालाच सांगितलेले नाही. धाडच्या बाजाराच्या दिवशी मी अर्धा किलो शेव आणि पावशेर जिलबी घेत असे. दुकानदाराने विचारले नसतानाही सांगत असे की घरी पाहुणे आहेत. मग तुमच्या गाडीच्या मागच्या बाकावर, खिडकीकडे तोंड करून बसायचो. बुलढाण्याच्या स्थानकात गाडी शिरेपर्यंत दोन्ही पुड्या रिकाम्या झालेल्या असत. कागदांच्या बारीक घड्या घालून मी त्या बाकाच्या फटीत कोंबत असे. घरी जाऊन हातपाय धुऊन सुनंदाबरोबर रोजच्यासारखा जेवतही असे. जेवताना ती म्हणायची, "इतकं कमी जेवता, तरी अंग का उतरत नाही कोण जाणे."

एके दिवशी सगळे उतरल्यावर तुम्ही माझ्या शेजारी येऊन बसलात. आपण दोघांनी मिळून तो बाक इतका भरला की मला उठताच येईना. तुम्ही तिकिटांचे यंत्र मांडीवर ठेवले आणि फटीतला कागद काढून माझ्या हातात दिलात. मला वाटले, आता हे सगळ्या धाडला कळणार.

"दर बाजाराले सापडते," तुम्ही म्हणालात. "लेकरू असतं त चिल्लावलो असतो."

मग तुम्ही अगदी साध्या आवाजात सांगितलेत की शेगावच्या गाडीवर असलात की घरच्यांसाठी बारा कचोऱ्या घेता आणि घरी चार पोचतात. उरलेल्या आठ आगाराच्या विश्रांतिगृहात, दार लावून, उभ्यानेच. भूक नसते. चवही चौथ्या कचोरीनंतर लागत नाही. "अन् आठवी संपली का मंग सोताचा असा राग येते मास्तर, का अजून चार असत्या त त्या बी खाल्ल्या असत्या."

त्या क्षणापर्यंत माझी समजूत होती की हा रोग जगात मला एकट्यालाच आहे. माणूस भुकेने खातो, जिभेच्या चोचल्यासाठी खातो, हे मला माहीत होते. परंतु स्वतःला शिक्षा दिल्यासारखे खाणारा दुसराही कोणी असतो, तो खाकी कपड्यांत असतो आणि रोज मला तिकीट देतो, हे कळले तेव्हा मी बाजाराची पिशवी छातीशी धरून रडलो. तुम्ही खिडकीबाहेर पाहत राहिलात. ते उपकार मी विसरलेलो नाही.

डॉक्टरांनी दोघांनाही एकच सांगितले होते: वजन उतरवा. मला साखरेमुळे, तुम्हाला छातीमुळे. दवाखान्यातल्या काट्यावर उभे राहणे तुम्हाला पटेना, कारण तिथली बाई आकडा मोठ्याने वाचायची. म्हणून तुमच्या ओळखीच्या अडत्याच्या दुकानात, जिथे सोयाबीनची पोती मोजतात, त्या लोखंडी काट्यावर आपण महिन्याच्या पहिल्या रविवारी उभे राहू लागलो. तिथला हमाल पहिल्या दिवशी म्हणाला होता, "दोन पोते एकाच डाव मोजू का?" सहा महिन्यांनी त्याच माणसाने काट्याकडे पाहून, शेतमाल तपासावा तशा गंभीर चेहऱ्याने निकाल दिला की या मालातला ओलावा उतरून राह्यला. तुम्ही इतके हसलात की काटा स्थिर होईना.

तुमची पद्धत कोणत्याही पुस्तकात नव्हती. मी उष्मांकांचा तक्ता करून आणला होता. तुम्ही तो आदराने वाचलात, घडी करून खिशात ठेवलात आणि पुन्हा कधी काढला नाहीत. तुमची परीक्षा एकच होती. खावेसे वाटले की स्वतःला विचारायचे, ज्वारीची शिळी भाकर चालेल का. चालत असेल तर ती भूक आहे, सरळ बसून जेवायचे. चालत नसेल तर फोन करायचा. "भूक भाकर मागते मास्तर. हे दुसरं काई मागून राह्यलं. काय मागते ते मले बी समजत नाई. पन त्याले शेव देऊन ते जात नाई, येवढं समजलं."

फोनवर तुम्ही एकदाही "खाऊ नका" असे म्हणाला नाहीत. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण मला आयुष्यभर भेटलेल्या प्रत्येकाने एक तर "खा" म्हटले किंवा "खाऊ नका" म्हटले. तुम्ही गाडी सुटल्यासारखे बोलू लागायचा. "चाला. बुलढाना सुटलं. येळगाव. कोन उतरलं?" मी सांगायचे: एक म्हातारे, एक बकरी. "केळवद." दोन कॉलेजच्या मुली. चिखलीला गर्दी. लव्हाळ्याला चहा, पण प्यायचा नाही. मेहकर येईपर्यंत माझा स्वयंपाकघराच्या दारावरचा हात खाली आलेला असे. कधी मेहकरने भागत नसे. मग सुलतानपूर, मग लोणार, आणि एका वाईट संध्याकाळी तुम्ही मला लोणारहून परत बुलढाण्याला आणलेत, प्रत्येक थांब्यासकट, सव्वा तास. तुमचा फोन आला की मी हेच करत असे, फक्त तुमच्याइतके चांगले नाही. माझे प्रवासी फार सभ्य असतात, अशी तुमची तक्रार होती.

वीस महिन्यांत मी एकवीस किलो उतरलो आणि तुम्ही चोवीस. तुमच्या खाकी शर्टाला शोभावहिनींनी दोनदा शिवण मारली. तुम्ही गाडीच्या दोन रांगांमधून सरळ चालू लागलात, पूर्वी आडवे होऊन सरकत असा. बाजारातली एक म्हातारी तुम्हाला दर वेळी विचारायची, "काऊन रे, बिमार हायेस का?" तुम्ही दर वेळी "हाव आजी, सुधरून राह्यलो," म्हणायचा.

आता त्या भांडणाविषयी, जे संपले नाही.

गेल्या हिवाळ्यात तुमच्या आगारातल्या एका सहकाऱ्याने धामणगाव बढेजवळच्या त्याच्या शेतात रोडग्यांचे जेवण ठेवले होते. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे रोडगे, तुपात बुडवलेले, वांग्याची झणझणीत भाजी, आणि आग्रह करणारी चाळीस माणसे. तुम्ही दोन रोडगे खाल्लेत, भाजी एकदा मागून घेतलीत, ढेकर दिलात आणि उठून हात धुतलात. मी काकडी खाल्ली. मला त्या काकडीचा फार अभिमान वाटला. लोक माझ्या निग्रहाचे कौतुक करत होते आणि मी मान खाली घालून ते ऐकत होतो. घरी आल्यावर सुनंदा नव्हती. मी शंकरपाळ्यांचा डबा संपवला, मग गूळ-शेंगदाणे, मग सकाळच्या पोळ्यांवर साखर घालून त्या, मग डब्याच्या तळचा चुरा बोटाने. वाकता येईना इतके. तेवढ्यात तुमचा फोन आला. मी म्हणालो, सर्व ठीक आहे.

"मास्तर, पोट फार भरलं का मानसाचा आवाज जड होते," एवढेच म्हणालात.

मी नाकारले. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात की खाल्ले त्याचे काही नाही, खाणे पुन्हा होईल, परवाही होईल. लपवले त्याचे आहे. सुनंदाला सांगा. आपल्या फोनवर किती दिवस भागवाल, मी एखाद वेळी ड्यूटीवर असेन, रेंज नसेल.

"ती हसेल," मी म्हणालो.

"हसू द्या. एकडाव हसंल, मंग इचारंल."

"तुम्हाला समजणार नाही. मला लोक लहानपणापासून हसत आले आहेत. शाळेत फळ्याकडे वळलो की मागे हसतात. घरात एक जागा आहे जिथे कोणी हसत नाही. ती मी घालवणार नाही."

आणि मग मी जे बोललो ते मला मागे घ्यायचे होते. मी म्हणालो की तुम्हाला खासगी गोष्टींची लाज नाही, तुम्ही स्वतःचे दुखणे आगारभर सांगत फिरता, मी तसा मनुष्य नाही. तुम्ही म्हणालात, "सांगतो म्हनून त जगून राह्यलो, मास्तर." तीन दिवस आपण बोललो नाही. चौथ्या दिवशी तुम्ही काही न झाल्यासारखे तिकीट दिलेत. मी क्षमा मागितली नाही. वाक्य तयार होते, परंतु गाडीत गर्दी होती. नंतर प्रत्येक वेळी गाडीत गर्दी होती.

तुम्ही मला आणखी एक गोष्ट मागितली होती. एकदा तरी मी तुम्हाला "काय बे सुखदेव" म्हणावे, अशी. मी घरी आरशासमोर प्रयत्नही केला. जमले नाही. हे पत्रही पाहा, "तुम्ही" सोडता येत नाही.

तुम्ही गेलात त्याला आज एकवीस दिवस झाले. सकाळच्या ड्यूटीआधी, आगारातच. डॉक्टरांनी शोभावहिनींना सांगितले की हृदयाला झालेली इजा जुनी होती, आणि वजन उतरले नसते तर हे कदाचित आधीच झाले असते. हे वहिनींनी मला दोनदा सांगितले. मला ते ऐकून घेता येत नाही. कारण मी तुमच्या अंगणात उभा होतो तेव्हा तुमच्या आई माझ्याकडे बोट करून शेजारणीला सांगत होत्या की याच मास्तरने त्याला उपाशी राहायला शिकवले. त्यांच्या डोळ्यांत राग असता तर बरे झाले असते. त्या फक्त माहिती देत होत्या.

नंतर पहिला रविवार आला. मी सवयीने अडत्याच्या दुकानात गेलो. हमालाने विचारले, "जोडीचं पोतं काऊन नाई आनलं?" मी सांगितले. त्याने काट्यावरचे सोयाबीन हाताने झाडून काढले, मला उभे राहायला जागा केली आणि पाठ वळवून उभा राहिला. मी काट्यावर न चढता परत आलो.

तेरवीच्या दिवशी तुमच्या आईंनी, तुम्ही वीस महिने जे जे सोडले होते ते ते सगळे करवून घेतले होते. पुरणपोळी, वडे, भजी, बुंदी, कढी. गेलेल्याच्या वयाच्या एका माणसाला त्याच्या नावाने पोटभर जेवू घालायचे, अशी तुमच्या घरची रीत आहे हे मला माहीत नव्हते. आईंनी भर पंगतीत माझे नाव घेतले. पाट मांडला होता, भोवती रांगोळी होती. त्या स्वतः समोर येऊन बसल्या. ऐंशीच्या घरातल्या बाई, तरी वाढायला दुसऱ्या कोणाला देईनात.

"माहं लेकरू उपाशी गेलं," त्या म्हणाल्या. "त्याच्या वाटचं तुमी जेवा, मास्तर. नाई म्हनू नका."

सुखदेव, मी काय करायला हवे होते? त्यांना सांगायचे की तुमचा मुलगा उपाशी नव्हता, तो दोन वेळा व्यवस्थित जेवत होता, आयुष्यात पहिल्यांदा शांतपणे जेवत होता? तेराव्या दिवशी? मी जेवू लागलो. पहिली पोळी त्यांच्यासाठी खाल्ली. दुसरी तुमच्यासाठी. तिसरीपासून मी कोणासाठी खात होतो ते मला नीट ठाऊक आहे. आई समाधानाने वाढत होत्या. कोणीतरी म्हणाले, "जेवन असं पायजे, आत्म्याले पोचते." सगळ्यांसमोर, उजेडात, मानाच्या पाटावर बसून मी तेच करत होतो जे एरवी दार लावून करतो, आणि घरातले प्रत्येक माणूस हात जोडून पाहत होते.

पाणी घेऊन शोभावहिनी आल्या. पेला ठेवताना वाकून, फक्त मला ऐकू जाईल असे म्हणाल्या, "सर, पुरे करा. मले माहीत हाये तुमचं. त्यायनं सांगतलं होतं. मी नसलो अन् मास्तरचा फोन आला त तू घे जो, म्हने."

माझा घास तोंडातच राहिला. तुम्ही सांगितले होते. जी गोष्ट मी बायकोपासून, भावापासून, डॉक्टरांपासून लपवली, ती तुमच्या स्वयंपाकघरात माहीत होती, किती महिने कोण जाणे. मी तुमच्या घरी चहाला आलो तेव्हा वहिनींना ते माहीत होते. बिस्किटांची बशी माझ्यापासून दूर ठेवत त्या, ती सहज नव्हे. तुम्ही समोर असता तर मी तुमच्यावर रागावून उठून निघून गेलो असतो. तुम्ही नव्हतात म्हणून मी आणखी एक पोळी मागितली. वहिनींकडे पाहत मागितली. याहून नीच कृत्य माझ्या हातून घडलेले नाही.

त्या दिवसापासून आठ दिवस मी खातो आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत आम्लांच्या कपाटामागे पुड्या ठेवतो, कारण तिथे विद्यार्थी जात नाहीत. सकाळी ठरवतो, दुपारी मोडतो. भाकरीची परीक्षा घेऊन पाहतो. उत्तर दर वेळी बरोबर येते आणि त्याचा काही उपयोग होत नाही. स्वतःशीच येळगाव, केळवद म्हणून पाहिले. एकट्याने म्हटले की गाडी चिखलीच्या पुढे जात नाही. शर्टाची बटणे पुन्हा ताणू लागली आहेत. वीस महिने ज्या माणसाने मला धरून ठेवले तो गेला, आणि आठ दिवसांत मी त्याच मागच्या बाकावर जाऊन बसलो, हे मला सहन होत नाही. घाबरलो आहे, सुखदेव. साधा शब्द हाच आहे.

काल याच वेळी मी तुमचा नंबर लावला. लावताना मला माहीत होते की तुम्ही नाही. वहिनींनी उचलला. "बोला सर," म्हणाल्या. त्या थांबल्या. त्यांच्या मागे घरातले आवाज येत होते, तुमच्या आई कोणाला तरी हाक मारत होत्या. मग वहिनी हळूच म्हणाल्या, "खाल्लं का खायाचं हाये?"

मी फोन ठेवला. ज्या बाईच्या कपाळावरचे कुंकू जाऊन तीन आठवडे झाले नाहीत, तिने माझ्या शंकरपाळ्यांचे ओझे का उचलावे? परंतु रात्रभराच्या विचारानंतर तुमच्यावरचा राग मात्र राहिला नाही. तुमची रजा असली की तुमच्या जागी बदली कंडक्टर येत असे. प्रवाशांची सोय तुम्ही आधीच लावलेली असे. माझीही लावली होती. मी त्याला चहाडी समजलो. ज्या भांडणात तुम्ही मला जिंकू दिले, त्यात तुमचेच खरे होते. वहिनींना फोन करणे मला शोभत नाही. ज्याला सांगायला हवे ते माणूस माझ्याच घरात राहते आणि मी जेवलो की नाही याची काळजी करते.

खोटे लिहायचे नाही म्हणून हेही लिहितो. हे लिहिताना मी दोनदा उठलो. पहिल्या वेळी डब्यापर्यंत जाऊन परत आलो. दुसऱ्या वेळी परत आलो नाही. चार लाडू. पाचवा ठेवला, त्यात निग्रह नव्हता, मळमळ होती.

ही पाने मी सुनंदाच्या शिलाई यंत्रावर ठेवणार आहे. ती परत आली की आधी तिथेच जाते. पुढे ती पाने कुठे छापून येवोत किंवा न येवोत. पण ज्या कोणा परक्याच्या हाती ती पडतील त्याला एक विचारण्याचे धाडस करतो, कारण फाटकाची कडी वाजली आहे, ती आली आहे, आणि आता मागे घेता येणार नाही.

वाचकहो, तुमच्या घरातल्या जाड माणसाने आज तुमच्यासमोर उभे राहून सांगितले की मला खाणे थांबवता येत नाही, तर तुम्ही हसाल का?